कुवेतमधील मराठी घर आणि चार भाषांतले मूल

कुवेतशी आपला संबंध तेलामुळे जुळला, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती इतिहासाला धरून नाही. १९३८ साली बुरगान येथे तेल लागले, त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून कुवेती गलबते शत्त-अल्-अरबच्या काठचा खजूर आणि आखातातले मोती घेऊन मुंबईच्या बंदरात येत, परतताना मलबारचे सागवान, तांदूळ आणि मसाले भरून नेत. तेथील मातब्बर व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, आणि १ एप्रिल १९६१ रोजी दिनार प्रचारात येईपर्यंत कुवेतच्या बाजारात चलन होते ते रुपयाचेच. पूर्वी तिकडचा माणूस इकडे येऊन चार शब्द हिंदुस्थानी शिके. पुढे प्रवाह उलटला आणि इकडचा माणूस तिकडे नोकरीस गेला. मात्र एकट्याने गेलेल्या नोकरदारापुढे भाषेचा प्रश्न कामापुरताच असतो. तो खऱ्या अर्थाने उभा राहतो तो बिऱ्हाड थाटल्यावर, आणि विशेषतः त्या बिऱ्हाडात पाळणा हलल्यावर.

कुवेतमध्ये जन्मलेले मराठी मूल कायद्याच्या दृष्टीने कुवेतचे नसते. तेथील १९५९ च्या कायद्यान्वये नागरिकत्व मुख्यतः पित्याच्या वंशावरून ठरते, जन्मस्थानावरून नव्हे. म्हणून जन्माचा अरबी दाखला हाती पडताच आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते, मग पारपत्र, आणि त्यानंतर बापाच्या नोकरीवर अवलंबून असलेला, मुदत संपेल तेव्हा नवा करून घ्यावयाचा रहिवासाचा परवाना, ज्याला तेथे सगळे ‘इकामा’ म्हणतात. अरबी लिपीत ‘प’ हे अक्षर नसल्यामुळे या दाखल्यावर पार्थाचा बार्थ होतो. गंमत अशी की, स्वतःचे नाव, पुढे बापाचे आणि शेवटी आडनाव ही आपली मराठी रीत अरबांच्या रीतीशी इतकी मिळतीजुळती आहे, की अन्य प्रांतांतील पुष्कळांना बापाचे नाव कोणत्या रकान्यात घालावे याचा जो पेच पडतो, तो मराठी माणसाला सहसा पडत नाही.

साल्मिया, अब्बासिया, मंगफ किंवा फहाहील येथील कोणत्याही मराठी घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचा दिवस पाहिला, तर रविवार ते गुरुवार भल्या सकाळी बस गाठण्यापासून त्याची भाषांची ये-जा सुरू होते. वर्गात इंग्रजी, एका तासाला अरबी, मधल्या सुट्टीत हिंदी, बसमध्ये कानांवर पडणारे मल्याळम, आणि दाराच्या आत मराठी. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, धाडलेले मूल रिकाम्या हाताने परत येते आणि सांगते, “आई, खबूस खतम झालं, चाचा बोलले मग्रिबच्या नंतर येईल.” हे ऐकून आजी व्हिडिओवर कपाळाला हात लावते, परंतु वाक्य नीट पाहिले तर रोटीचे नाव आणि नमाजाची वेळ त्या गावची, एखाददुसरा शब्द हिंदीचा, आणि क्रियापदे, प्रत्यय व वाक्याची एकंदर बांधणी मराठीची आहे. भाषा बिघडल्याची ही खूण खास नव्हे. मुलाच्या मनात मराठीचा सांगाडा शाबूत आहे, हेच त्यातून दिसते.

अशा मुलांचा अभ्यास विद्वानांनी फार पूर्वीच आरंभला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा याने आपल्या मुलाशी स्वतः फ्रेंच व त्याच्या आईने जर्मन बोलावे असा नियम पाळून त्याचा वृत्तांत १९१३ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेत वेर्नर लिओपोल्ड याने आपली कन्या हिल्डेगार्ड हिच्या बोलण्याच्या नोंदी १९३९ ते १९४९ या काळात चार खंडांत छापल्या. बाहेरच्या इंग्रजीच्या रेट्याने मुलीची जर्मन मागे पडली, आणि जर्मनीत मुक्काम घडताच ती पुन्हा वाहती झाली, हे त्यात नमूद आहे. दोन भाषांनी मुलाची बुद्धी गोंधळते या समजुतीलाही पील व लॅम्बर्ट यांच्या मॉन्ट्रियलमधील १९६२ च्या अभ्यासाने मोठाच धक्का दिला. मराठी बाप आणि केरळची आई असलेल्या घरांना रोंझाची वाटणी सोयीची पडते; जेथे दोघेही मराठी, तेथे उंबरठा हीच सरहद्द धरावी लागते.

लिओपोल्डच्या कन्येचा अनुभव कुवेतच्या मराठी घरांना दर उन्हाळ्यात येतो. मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा उन्हात शाळा बंद राहतात आणि ज्यांना रजा मिळते ती कुटुंबे गावी येतात. मामेभावंडांत महिनाभर भांडले की मुलाची मराठी आपोआप धारदार होते, कारण भांडणात चटकन उत्तर द्यावे लागते, आणि आईला विचारून उत्तर देणाऱ्याचा त्या दरबारात निभाव लागत नाही.

सणांचीही अशीच दुहेरी नोंद मुलाच्या मनात होते. रमजानच्या मध्यावर ‘गरगियान’च्या रात्री कुवेती मुले गळ्यात पिशव्या अडकवून दारोदार गाणी म्हणतात व सुका मेवा आणि मिठाई गोळा करतात, आपल्या भोंडल्याची गाणी आणि खिरापत ठाऊक असलेल्या मुलीला त्यात काहीच परके वाटत नाही. २५ व २६ फेब्रुवारी या राष्ट्रीय व मुक्तिदिनी आखाती रस्त्यावर पूर्वी पाण्याच्या पिचकाऱ्या चालत, तेव्हा तिला रंगपंचमी आठवे. दिवाळीला सुट्टी नाही, म्हणून फराळाचे ताट बहुधा शुक्रवारी निघते. गणपती घरात बसतो, आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात नाटुकल्यातले चार संवाद पाठ करताना मुलाला प्रथमच कळते, की आईवडिलांखेरीजही ही भाषा बोलणारी माणसे आहेत.

तथापि सणासुदीपुरती उरलेली भाषा टिकत नाही, असे माझे मत आहे. मुलाच्या प्रत्येक भाषेला काही ना काही काम असते: इंग्रजीला परीक्षा आहे, हिंदीला खेळगडी आहेत, अरबीला वहीतले गुण आहेत. मराठीला घरात खरे काम दिले नाही, तर ती आज्ञा ऐकण्याची भाषा उरते आणि मूल उत्तर इंग्रजीत देऊ लागते. म्हणून वाणसामानाची यादी मुलाने मराठीत लिहावी, आजीला निरोप त्यानेच द्यावा, तिची औषधाची वेळ त्यानेच विचारावी, रागवायचे झाले तरी मराठीतच रागवावे आणि रुसायची मुभाही मराठीतच असावी.

अमेरिकेतल्या मराठी घरापेक्षा कुवेतमधल्या घराला याची निकड अधिक आहे. तेथे जन्मलेले मूल त्या देशाचे होते. कुवेतमध्ये मात्र परत जाणे पहिल्या दिवसापासून गृहीत असते, आणि ते कधी येईल याचा भरवसा नसतो. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्यानंतर सुमारे १,७०,००० भारतीयांना, बहुतेकांना अम्मानमार्गे, विमानांनी मायदेशी आणावे लागले, आणि त्यांत पाटीदप्तर मागे टाकून आलेली शाळकरी मुलेही होती. एरवी परतण्याचे कारण साधेच असते: नोकरी सुटते, बारावी संपते, आजोबा आजारी पडतात. कारण कोणतेही असो, त्या दिवशी मुलाला नव्या वर्गात, रिक्षावाल्याशी आणि आजीच्या उशाशी बसून जी भाषा बोलावी लागेल, तिची तालीम कुवेतमधली कोणतीही शाळा वा वकिलात करून देणार नाही. ती इकाम्याची मुदत चालू आहे तोवर आईबापांनीच रोजच्या कामकाजातून करून घेतली पाहिजे.