महानोरांचं गाणं आलं कुठून

1967 साली ‘रानातल्या कविता’ आल्या, तेव्हा कवी ना. धों. महानोर पंचविशीत होते. अजिंठ्याच्या डोंगराजवळचं पळसखेडं हे त्यांचं गाव. जळगावचं कॉलेज सोडून ते शेतीत परतले होते. मराठवाडा आणि खानदेशाच्या शिवेवरच्या या मुलखात गाण्यासाठी मैफल लागत नव्हती. जात्यावर ओवी होती, समूहानं गायची वही होती. 1970च्या संग्रहाचं नाव त्यांनी ‘वही’ ठेवलं, ते उगाच नव्हे.

खरी कसोटी लागली ‘जैत रे जैत’ या चित्रपटात, 1977 साली. गोष्ट गो. नी. दांडेकरांची, ठाकर आदिवासींची. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. कथाच गाण्यांतून पुढे सरकणार होती. महानोर काही ठाकर नव्हते, पण लोकगीताची बांधणी त्यांच्या अंगात मुरली होती: ओळ आखूड, शब्द रोजच्या वापरातला, कडव्याचा शेवट दहाजणांनी उचलावा असा. बोलीतले चार शब्द पेरून गाणं ‘ग्रामीण’ करणारे पुष्कळ झाले. महानोरांनी घडणच घेतली, आणि म्हणूनच ‘एक होता विदूषक’ या चित्रपटातली त्यांची लावणी नक्कल वाटत नाही. शिवाय ‘पळसखेडची गाणी’ या पुस्तकात त्यांनी गावची लोकगीतं जमवून छापली.

आयर्लंडात जमवणं आणि रचणं ही दोन कामं दोघांनी केली. 1792मध्ये बेलफास्टला जुने हार्पवादक जमले. नव्वदी ओलांडलेला अंध डेनिस हेम्पसन वाढवलेल्या नखांनी तारा छेडत होता आणि एकोणीस वर्षांचा एडवर्ड बंटिंग चाली टिपून घेत होता. त्यातल्या काही चालींवर कवी टॉमस मूरनं 1808पासून शब्द रचले. मूरची गाणी पार कोलकात्यात, रवींद्रनाथांच्या घरापर्यंत पोचली; ‘वाल्मीकिप्रतिभा’ या त्यांच्या संगीतनाटकात आयरिश चाल आहे.

मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्याला गाणी टिपणारे जरा उशिरा भेटले. केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावांत गिरणी आली, तशी जात्याची पहाटेची घरघर थांबत गेली. मात्र हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी राज्यभर फिरून लाखभर ओव्या गोळा केल्या. 1996मध्ये माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्याही ध्वनिमुद्रित झाल्या. ‘परी’ या संकेतस्थळानं 2017पासून हा ठेवा खुला केला. ओवीखाली गाणारणीचं नाव आणि गाव आहे, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. पुढचा गीतकार उसनवारी करील, तेव्हा कुणाची ते त्याला सांगता येईल.

महानोर 3 ऑगस्ट 2023 रोजी गेले. माजलगावच्या ओव्यांना त्यांच्यासारखा गीतकार अजून मिळायचा आहे.