चीजकेक: खरवसाचा चुलतभाऊ

गेल्या वर्षी आईची पंचाहत्तरी झाली. तिला कडक काही चावत नाही आणि नेहमीच्या केकचा कोरडा भुगा घशाशी अडकतो. म्हणून मी घरीच मऊ चीजकेक करायचं ठरवलं. वर अननसाच्या ताज्या फोडी आणि फोडींवर पारदर्शक जेलीचा थर, असा बेत होता. कृती दोनदा वाचली, मापं काट्यावर घेतली. तरी केक ओव्हनमधून आला तो मधोमध भेगाळलेला. भेग जेलीखाली झाकली जाईल म्हणून मी निर्धास्त राहिलो, तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही जेली पातळच! संध्याकाळी तो केक चमच्याने वाट्यांमध्ये वाढावा लागला. अननसाचा रस जिथे मुरला होता, तिथे तो चक्क कडू लागत होता. आई एवढंच म्हणाली, "अननस कच्चाच घातलास? श्रीखंडात घालतो का आपण कधी?"

मी विज्ञानाचा शिक्षक. भेग, पातळ जेली आणि कडूपणा ही तीन वेगवेगळी संकटं आहेत असं मला त्या दिवशी वाटलं होतं. नंतर विचार करताना लक्षात आलं, की तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: प्रथिनांची जाळी.

चीजकेकला केक म्हणतात खरं, पण त्याची जात वेगळी. नेहमीचा केक म्हणजे मैद्याच्या भिंतींमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे. चीजकेकमध्ये मैदा नसतो, असला तर चमचाभर; बेकिंग पावडरही नसते. त्याचा खरा नातेवाईक आहे खरवस. गाय व्याल्यानंतरचा पहिल्या दिवसाचा चीक गूळ घालून उकडला, की वडी पडते. त्याच गाईचं महिन्याभरानंतरचं दूध दिवसभर आटवलं तर बासुंदी होईल, खवा होईल, पण खरवस होणार नाही. असं का?

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं आणि उरलेली २० टक्के निवळीतली प्रथिनं. केसीन नुसत्या उष्णतेला दाद देत नाही. दूध उकळूनही नासत नाही ते त्यामुळेच. त्याला गोठवायला आम्ल लागतं, म्हणजे विरजण किंवा लिंबू. निवळीतली प्रथिनं मात्र उष्णतेने बदलतात. लोकरीच्या गुंड्यासारख्या गुंडाळलेल्या त्यांच्या साखळ्या सुटतात, एकमेकींत अडकतात आणि त्यांची जाळी तयार होते. चिकात वासरासाठी प्रतिपिंडं भरपूर असतात. तीही निवळीतलीच प्रथिनं. त्यामुळे चिकाची जाळी एवढी दाट होते, की सगळं पाणी तिच्यात अडकून बसतं. त्यालाच आपण खरवस म्हणतो.

आता चीजकेककडे या. त्यातलं मऊ चीज म्हणजे मुख्यतः आम्लाने गोठलेलं केसीन आणि भरपूर स्निग्धांश. नुसतं तेच भाजलं तर वडी पडायची नाही. जाळी विणायला कोणीतरी हवं, ते काम अंडं करतं. चिकात निसर्गाने घातलेलं असतं, ते इथे आपण वरून घालतो, एवढाच फरक.

चीज भाजून गोड पदार्थ करण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात चीज, पीठ आणि अंडं एकत्र भाजण्याची कृती दिली आहे. आपल्याकडे ओडिशात छेना पोडा होतो, तो याच घराण्यातला. आज जगभर माहीत असलेला चीजकेक मात्र अमेरिकन क्रीम चीजवर उभा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स या दूधव्यावसायिकाने १८७२ च्या सुमारास एका फ्रेंच धर्तीच्या चीजमध्ये जादा साय घालून ते बनवलं. १८८० मध्ये त्याला 'फिलाडेल्फिया' हे नाव मिळालं. चीज त्या शहरात होत नव्हतं. शहराचा दुधातुपाबद्दल लौकिक होता, म्हणून नाव घेतलं! अमेरिकेतल्या नियमानुसार क्रीम चीजमध्ये निदान ३३ टक्के स्निग्धांश लागतो. आपल्या चक्क्यात तो बराच कमी असतो, त्यामुळे चक्का वापरायचा तर त्यात साय मिसळावी. मी तसंच करतो. विकतचं क्रीम चीज महाग पडतं, आणि ताज्या, कमी आंबट चक्क्याची चव मला तरी अधिक आवडते.

सुमारे १८ सेंटिमीटरच्या, तळ सुटा होणाऱ्या भांड्यासाठी माझं माप असं: १५० ग्रॅम बिस्किटांचा चुरा ७५ ग्रॅम पातळ लोण्यात कालवून तळाशी दाबून बसवायचा. ४०० ग्रॅम चक्का, २०० ग्रॅम घट्ट साय, १५० ग्रॅम पिठीसाखर आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर गुळगुळीत होईपर्यंत घोटायचं. अंडी तीन, सगळ्यात शेवटी, एकेक करून आणि हलक्या हाताने. अंडी घातल्यावर जोरात फेटलं तर हवा शिरते. ती ओव्हनमध्ये प्रसरण पावते, केक फुगतो आणि थंड होताना खाली बसतो. बसताना चिरतो. माझी पहिली चूक ही.

दुसरी चूक मोठी होती. अंड्याची प्रथिनं ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जुळायला लागतात. केकच्या मध्यभागी ७० अंशांच्या आसपास तापमान पोचलं की काम झालं. उष्णता देतच राहिलं तर जाळीचे धागे आणखी घट्ट आवळले जातात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. जास्त उकळलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो, तेच हे. आता भेगेचं पाहा. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळाला भेगा पडतात. गाळ आकसू पाहतो, पण खाली आणि कडेला चिकटलेला असतो. ताण सहन झाला नाही की तडकतो. केकचंही तसंच. कडा भांड्याला चिकटलेली, आतला भाग आकसतोय, मग मधे फाटणारच.

ओव्हन १६० अंशांवर आणि आपल्याला हवेत ७०. मग कडा करपू न देता मध्य कसा शिजवायचा? यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात रोजचाच आहे: पाणी. भांड्याला बाहेरून ॲल्युमिनियमची पातळ पत्री दोन पदरी गुंडाळायची आणि ते गरम पाण्याच्या खोल ताटात ठेवून भाजायचं. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. ओव्हनमध्ये त्याची सतत वाफ होते, तीत उष्णता खर्च होते, म्हणून ते त्याहूनही थंड राहतं. तासाभराने भांडं हलवून पाहावं. कडा स्थिर आणि मधला तळहाताएवढा भाग दह्यासारखा थरथरला, की ओव्हन बंद. हा भाग कच्चा वाटतो आणि मोह होतो, पण थांबावं. आतली उष्णता उरलेलं काम करते. दार किंचित उघडं ठेवून तासभर निवू द्यावा, पातळ सुरी कडेने फिरवून केक सोडवावा, मग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. थंडीत साय घट्ट होते आणि काप सुबक पडतो.

राहिला अननस. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं आणि ते प्रथिनांच्या साखळ्या कापतं. अननस जास्त खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्यात याचा हात असतो. जेलीतलं जिलेटिन हेही प्रथिनच. साखळ्यांचे तुकडे झाल्यावर जाळी कशाची विणणार? म्हणून माझी जेली पातळ राहिली. रस खाली झिरपला तसं विकर चक्क्यातल्या केसीनवर घसरलं. केसीनच्या काही लहान तुकड्यांची चव कडू असते, त्यामुळे केक कडू झाला. कच्च्या पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन, ताज्या अंजिरात फिसिन ही अशीच विकरं आहेत. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, संत्री यांचा हा त्रास नाही.

गंमत अशी, की विकर हेसुद्धा प्रथिनच. त्याच्या साखळीची विशिष्ट घडी उष्णतेने मोडली की ते निकामी होतं. फोडी साखरेच्या पाकात पाच-सात मिनिटं उकळल्या की काम भागतं. डबाबंद अननस चालतो तोही याच कारणाने, कारण डबा भरताना तो तापवलेला असतो. जिलेटिन प्राण्यांपासून मिळतं, म्हणून अनेक घरांत चालत नाही. तिथे चायना ग्रास वापरावं. ते समुद्रशैवालातलं कर्बोदक असल्याने ब्रोमेलेनला दाद देत नाही. मात्र त्याने जेली वाचते, खालचा चक्का नाही. अननस उकळायलाच हवा. चायना ग्रास आधी साध्या पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावं आणि आंबट रस नंतर घालावा, नाहीतर आम्लात उकळून त्याची घट्ट होण्याची ताकद कमी होते.

वर्गात हे दाखवायला ओव्हन नको, अंडंही नको. तीन वाट्यांत दोन-दोन चमचे चक्का घ्या. पहिलीत ताजा अननस किसून घाला. दुसरीत तेवढाच अननस उकळून, गार करून घाला. तिसरीत लिंबाचे थेंब. तिसरी वाटी महत्त्वाची आहे, कारण "अननस आंबट असतो म्हणून असं झालं" हे उत्तर कोणीतरी देणारच. वाट्या झाकून पहिल्या तासापासून मधल्या सुट्टीपर्यंत ठेवा. मग चमचा तिरका करून कोणता चक्का सैल पडलाय ते मुलांना पाहू द्या आणि बोटाच्या टोकावर घेऊन चाखू द्या. ज्यांना दूध चालत नाही, त्यांनी नोंदी घ्याव्यात. मुलं पुढे विचारतील, की अननस किती तापवला म्हणजे पुरे? एक मिनिट, दोन की पाच? त्यासाठी आणखी तीन वाट्या लागतील.