दोन कोश जोडताना

पायथन या संगणकभाषेत माहिती साठवण्याच्या एका प्रकाराला ‘डिक्शनरी’ म्हणतात. नाव सार्थ आहे: डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, शब्द विचारला की अर्थ हाती येतो. मोल्सवर्थ चाळणाऱ्याला याहून अधिक सांगायला नको. फरक एकच, पण मोठा. मोल्सवर्थमध्ये एका शब्दाखाली अनेक अर्थ सुखाने नांदतात; इथे एका शब्दापुढे एकच खण असतो.

असे दोन कोश जोडायचे तर अधिकचे चिन्ह चालत नाही; पायथन चूक दाखवून थांबते. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ३.९ या आवृत्तीपासून त्यासाठी उभ्या दांडीचे चिन्ह मिळाले. ‘मराठी | हिंदी’ असे लिहिले की तिसरा कोश तयार होतो आणि मूळचे दोन्ही तसेच राहतात. ‘|=’ लिहिले तर मात्र डावा कोशच बदलतो.

आता इंदूर-ग्वाल्हेरकडच्या कोणत्याही मराठी घरात उमगेल असे उदाहरण घ्या. मराठी कोशात ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदी कोशात शिक्षण. ‘मराठी | हिंदी’ केले तर उरते शिक्षण. ‘हिंदी | मराठी’ केले तर दंड. उजवीकडचा जिंकतो. पाच अधिक सात काय नि सात अधिक पाच काय, बेरीज तीच; इथे तसे नाही. गंमत अशी की शब्द डाव्या कोशातली आपली जागा राखतो, अर्थ तेवढा परका येऊन बसतो. आणि पायथन याबद्दल अवाक्षर काढत नाही! हजारो शब्दांच्या यादीत असा गेलेला अर्थ कुणाच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून जोडण्याआधी दोन्ही कोशांतील नुसते शब्द वेगळे काढून त्यांवर ‘&’ हे चिन्ह चालवावे; सामाईक शब्द समोर येतात. त्यांचे अर्थ माणसानेच पाहावेत, आणि खणात एका अर्थाऐवजी अर्थांची यादीच ठेवावी, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

‘इन’ हा ऑपरेटर शब्द कोशात आहे का एवढेच सांगतो, अर्थांत डोकावत नाही. ‘==’ दोन कोशांची तुलना करते, क्रम पाहत नाही.

मात्र ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ हे पायथनला दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या छापील पुस्तकांतले ‘कांहीं’ आणि आजचे ‘काही’ यांची गाठ ‘&’ घालून देणार नाही. तेवढे लेखन आधी एकसारखे करून घ्यावे लागते, मूळ रूप अर्थाशेजारी जपून.