ताठ उभा राहा, म्हटल्याने कणा ताठ होत नाही

अश्दोद, बीर शेवा, दिमोना येथील मैदानांवर आपल्या समाजाची मुले क्रिकेट खेळत असतात. कडेला उभे असलेले एखादे आजोबा मधूनच ओरडतात, "अरे, ताठ उभा राहा! पोक कशाला काढतोस?" मुलगा क्षणभर ताठ होतो आणि पुढच्याच चेंडूला त्याचे खांदे पुन्हा गळतात. हा आळस नव्हे. ज्या स्नायूंनी कणा सावरावयाचा, त्यांत तेवढे बळ आलेले नसते आणि ते हुकुमाने येत नाही.

मुलींची उंची साधारणतः १२व्या व मुलांची १४व्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते. वर्षाला ८-९ सेंटीमीटर वाढ होणे नवलाचे नाही. या काळात पुष्कळ मुलांचे अंग ताठरल्यासारखे होते. मी नवशिकी शिक्षिका असताना अशाच एका मुलाला ओणवे करून, अंगठे धरता यावेत म्हणून, त्याची पाठ दोन्ही हातांनी दाबली होती. मांडीमागचा स्नायू दुखावून तो कित्येक आठवडे धावू शकला नाही. अध्यापनाच्या प्रशिक्षणात मी कवायतीचे हुकूम शिकले होते. वाढते शरीर कसे असते, हे त्या मुलाने शिकविले.

प्रथम ५-१० मिनिटे हलके धावून, हातपाय फिरवून अंग गरम करावे. सामन्याच्या तोंडावर एकेक स्नायू मिनिट-मिनिट ताणून धरू नये. त्याने त्याचा जोर काही काळ उणावतो. ते काम खेळानंतरचे. उताणे पडून एक पाय सरळ उचलावा, ओढ जाणवेल तेथे थांबून २०-३० सेकंद संथ श्वास घ्यावा. असे दोन-तीनदा, आठवड्यातून निदान तीन दिवस. हिसके नकोत, दुसऱ्याने दाबणे तर नकोच.

परंतु नुसत्या ताणण्याने शरीराची ठेवण सुधारत नाही. कोपरांवर व चवड्यांवर शरीर फळीसारखे सरळ धरावे. उताणे पडून, गुडघे दुमडून कंबर उचलावी. कंबर झोल खाऊ लागताच थांबावे, घड्याळाशी पैज लावू नये.

जलद गोलंदाजांची चिंता अधिक. चेंडू टाकताना कंबर मागे वाकते, बाजूस कलते व पिळलीही जाते. अति गोलंदाजीने कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा डाव्या बाजूस. जसप्रीत बुमराहसारख्या कसलेल्या गोलंदाजालाही २०१९ साली अशाच तड्यामुळे खेळ थांबवावा लागला. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तर मुलांच्या वयानुसार षटकांवर मर्यादाच घातली आहे. अंग कितीही लवचिक असो, हाडाला विश्रांती लागतेच.

मागे वाकताना कमरेत एकाच जागी दुखत असेल, तर तेल चोळीत बसू नये. गोलंदाजी त्याच दिवशी थांबवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. मुलगा आपण होऊन सांगेलच असे नाही, कारण संघातून वगळले जाण्याची त्याला धास्ती असते. रात्री जेवताना सहज विचारावे.