मिश्रीची डबी आणि पोटातलं बाळ

आषाढात मावळात भातलावणी जोरात असते. अशाच एका पावसाच्या दिवशी नाणे मावळातल्या एका गावी आम्ही लावणी पाहायला गेलो होतो. दुपारी बायका बांधावर जेवायला बसल्या. भाकरी झाली आणि पत्र्याची एक डबी हातोहात फिरू लागली. सहा महिन्यांची गरोदर सून होती, तिच्यापर्यंतही ती पोचली. "या दिवसांत तंबाखू चालते का?" असं विचारलं, तर सासू हसली. "साहेब, तंबाखू कोण खातंय? ही मिश्री. दात घासायची."

सगळा घोळ इथंच आहे. बाजारातून आणलेली तंबाखूच तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि कुटायची, की झाली मिश्री. भाजून निकोटीन जात नाही. हिरड्यांना लावली की ते रक्तात उतरतं. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या बाया थोड्या, म्हणून घरातल्या बायकांना तंबाखूचं व्यसन नाही असंच धरलं जातं. दवाखान्यात "तंबाखू खाता का?" विचारलं की उत्तर "नाही". तेव्हा आशाताई आणि नर्सबाईंनी सरळ "मिश्री लावता का?" असंच विचारावं.

पोटातल्या बाळाचं अन्नपाणी वारेतून येतं. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. पाटाचं पाणी वरच अडलं तर शेवटच्या वाफ्याचं जे होतं, तेच इथं होतं. मुंबईत 1217 गरोदर बायकांची पाहणी झाली, ती 2004 साली प्रसिद्ध झाली. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बायकांची, आणि त्यात मिश्रीवाल्याच जास्त, बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. दिवस पुरे व्हायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. 105 ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण जे बाळ मुळातच अडीच किलोच्या काठावर आहे, त्याला तेवढंही जड जातं.

दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे. राज्यात गुटखाबंदी 2012 साली आली. घरच्या तव्यावर मात्र कोण धाड घालणार?

सोडायची तर दिवस जायच्या आधीच सोडलेली उत्तम. पण सातव्या महिन्यात सोडली तरी फायदा आहेच. पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार तर घरोघर. त्याला भरपूर पाणी आणि पालेभाजी. तोंडात बडीशेप ठेवावी, दाताला साधी पावडर. दाढ दुखते म्हणून मिश्री लावत असेल तर दाढ दाखवावी. निकोटीनच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारावं. 1800-11-2356 या सरकारी नंबरावर फुकट सल्ला मिळतो.

सुनेने एकटीने सोडायची आणि सासूने चुलीवर भाजायची, तर त्या वासानेच तलफ येते. म्हणून घरातल्या मोठ्या बाईशी आधी बोलावं. नवऱ्यानेही बिडी घरात ओढू नये. सरपंच-ग्रामसेवकांनी गावच्या आरोग्य व पोषण दिवसाला सुनांबरोबर सासवांनाही बोलवावं. आजवर त्यांना कुणी बोलावतच नाही.

कार्तिकात भातकापणीला आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. सून बाळंत झाली होती. सासू म्हणाली, "हिनं सोडली. माझी काय सुटंना. पण आता तवा गोठ्यामागं नेते."