बांध तोच, मग गुंठे का वाढतात?

मोबाईल हातात धरून बांधावरून फेरी मारली की क्षेत्राचा आकडा निघतो. तो सातबाऱ्याशी जुळला नाही की भांडण मात्र शेजाऱ्याशी!

पृथ्वी गोल, नकाशा सपाट. संत्र्याची साल ताटात चपटी करून बघा, कुठेतरी फाटते नाहीतर ताणते. चपटे करण्याच्या या रीतीला नकाशाचे प्रक्षेपण म्हणतात. मोबाईलवरचे बरेच नकाशे वेब मर्केटर रीतीचे. त्यात विषुववृत्तापासून लांब जावे तसे क्षेत्र फुगते. अमरावतीकडे, २१ अंश अक्षांशावर, सुमारे १५ टक्के. त्यावर सरळ मोजले तर ४० गुंठ्यांचे ४६ होतात. चांगले ॲप ही वाढ काढून टाकते. संगणकावर स्वतः क्षेत्र काढणाऱ्याने यूटीएम निवडावे. त्यातही एक गोम आहे. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला पट्टा ४३, पूर्वेला ४४. अमरावती शहर ४३ मध्ये, त्याच जिल्ह्यातले वरुड ४४ मध्ये. गावाचा पट्टा आधी बघून घ्या.

बिंदू घेताना झाडाखाली उभे राहू नका. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा साधा मोबाईल ३ ते ५ मीटर हुकतो, आणि गुंठ्याची बाजूच मुळी ३३ फूट, म्हणजे १० मीटर! कोपऱ्यावर मिनिटभर थांबा, अचूकतेचा आकडा खाली आला की मगच नोंद करा. तो आकडाही वहीत लिहा.

ठिबकच्या नळ्या, बियाण्याचा हिशेब, एवढ्याला हे पुरते. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्जच करावा लागतो.