पाचांतले तीनच का?

समजा, एका खात्याच्या पाच प्रती सरदारपूर, धार, देवास, इंदूर आणि उज्जैनच्या सर्व्हरवर आहेत. नोंद तिघांनी स्वीकारली की पक्की. वाचतानाही तिघांना विचारायचं. कुठलीही दोन त्रिकुटं घ्या, एक सर्व्हर सामाईक निघतोच, आणि ताजी नोंद त्याच्याकडे सापडते. सरदारपूर-धार बाकीच्यांपासून तुटले, तर ते दोघे थांबतात, उरलेले तिघे काम चालवतात. सहावा सर्व्हर? उगाच खर्च! बहुमत चारांचं होतं, पण बंद पडलेले तेव्हाही दोनच खपतात.

कुलपासाठी, म्हणजे एका वेळी एकाच सर्व्हरला खात्यात बदल करू देण्यासाठी, संगणकशास्त्रज्ञ माएकावांची १९८५ची युक्ती मला जास्त आवडते: १३ सर्व्हर असतील तर स्वतःसकट फक्त चौघांची परवानगी पुरते. फक्त सगळेच एकमेकांसाठी अडून बसणार नाहीत, याची वेगळी सोय करावी लागते.

उन्मेष जोशींच्या ‘पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’मध्ये (२०२३) बहुमताच्या गणपूर्तीवर स्वतंत्र प्रकरण आहे. जरूर वाचा.